तेलाचा डबा आणि दिंडीचा हिशेब



शताब्दीच्या निमित्ताने दिंडीच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या आम्ही माळ्यावरून खाली काढल्या. विणेकरी कोण, कीर्तन कोणाचं, हे सगळ्यांच्या तोंडी असतं. पण चालून दमलेल्या वारकऱ्याच्या पानात काय पडलं, ते या वह्यांतच सापडतं. त्यात सगळ्यांत जास्त खाडाखोड दिसली ती तेलाच्या पानावर.

तेल आपल्या परंपरेला परकं नाही. तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी महाराज जगनाडे हे तेल्याचा व्यवसाय करणारेच. जुन्या काळी गावच्या घाण्यावरचं तेल शेर, पावशेर, छटाक असं दिंडीला मिळायचं. शेर म्हणजे ८० तोळे, आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. पण शेर दोन प्रकारचा : एक तागडीतला वजनी, दुसरा भांड्यातला मापी. वहीत नुसतं 'तेल शेर १०' लिहिलं, तर ते तोललेलं की ओतलेलं, हे आज कळत नाही.

१९५६ साली मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून नवी वजनं बाजारात येऊ लागली. मग आमच्या वहीतही किलो आला, लिटर आला आणि पुढे पत्र्याचा डबा आला. शेर गेला, पण वजन आणि माप यांची गल्लत मात्र गेली नाही.

एका वारीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. भाविकांनी तेलाचे २० डबे दिले, प्रत्येकी १५ लिटरचे. आम्ही जमेला लिहिलं, ३०० किलो. आचारी रोज तेल तोलून घेई. काल्यानंतर हिशेबाला बसलो, तर खर्च आणि शिल्लक मिळून २७३ किलोच भरले. २७ किलो तेल गेलं कुठं? नजरा आचाऱ्याकडे वळल्या. तो एवढंच म्हणाला, "माउली, मी नेऊन ठेवणार कुठं? डबे तुमच्याच ट्रकात होते."

आमच्यातल्या एका दुकानदार माळकऱ्याने उरलेला न फोडलेला डबा काट्यावर ठेवला, मग तेल काढून रिकामा डबा तोलला. आतलं तेल भरलं १३ किलो ६५० ग्रॅम. वीस डब्यांचे २७३ किलो. तेल कमी पडलंच नव्हतं, चूक आमच्या लेखणीची होती. आम्ही सगळ्यांदेखत आचाऱ्याच्या पाया पडलो.

तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलकं. लिटरभर पाणी सुमारे एक किलो, पण लिटरभर तेल सुमारे ९१० ग्रॅम. म्हणून लिटरचे किलो करताना ०.९१ ने गुणायचं आणि किलोचे लिटर करताना ०.९१ ने भागायचं. १० लिटर म्हणजे ९ किलो १०० ग्रॅम. १५ किलोच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर तेल असतं.

शिवाय तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं लिटरभर तेल २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांच्या आसपास सुमारे ८९३. म्हणूनच केंद्र सरकारने २०२२ साली तेल कंपन्यांना सांगितलं, की लिटरसोबत वजनही छापा आणि तापमानाचा उल्लेख काढा. उन्हात माप बदलतं, वजन बदलत नाही.

तेव्हापासून आमच्या वहीत तेलाला तीन रकाने आहेत : डबे, लिटर, किलो. डबा आला की आधी त्यावरचं छापील वजन वाचायचं, शंका आली तर काट्यावर ठेवायचं, मगच जमेला लिहायचं. नव्या पिढीच्या हाती वही देताना आमचं सांगणं एवढंच : आकडा लिहिला की पुढे किलो की लिटर ते लिहा. कारण दान पांडुरंगाचं आहे, आणि चुकलेल्या हिशेबाचा बोल मात्र एखाद्या गरिबाला लागतो.