अंतराळ संरक्षणाची पहिली धुरा : एअर मार्शल सुजीत धारकर यांची कारकीर्द

भारताच्या तिन्ही सैन्यदलांसाठी अंतराळविषयक कामकाज पाहणाऱ्या संरक्षण अंतराळ संस्थेचे पहिले प्रमुख म्हणून एअर मार्शल सुजीत पुष्पाकर धारकर यांचे नाव नोंदले गेले आहे. लढाऊ वैमानिक म्हणून सुरू झालेली त्यांची सेवा शिलाँगच्या पूर्व हवाई विभागाच्या नेतृत्वामार्गे हवाई दलाच्या उपप्रमुखपदापर्यंत पोहोचली. ३० एप्रिल २०२५ रोजी ते निवृत्त झाले. त्यांची चार दशकांची कारकीर्द आणि भारतीय सैन्यदलांचा अंतराळाशी जडलेला संबंध एकाच कालखंडात आकाराला आला.

शिक्षण आणि हवाई दलातील प्रवेश

डेहराडून येथील राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज आणि पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी या दोन संस्थांमध्ये धारकर यांचे सैनिकी शिक्षण झाले. १४ जून १९८५ रोजी ते हवाई दलाच्या लढाऊ शाखेत अधिकारी म्हणून दाखल झाले. खडकवासल्याच्याच प्रबोधिनीत शिकलेले स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा त्याआधी चौदा महिने, एप्रिल १९८४ मध्ये, सोव्हिएत यानातून अंतराळात जाऊन आले होते. त्या यात्रेचे देशभर कौतुक झाले होते. मात्र केवळ सैन्यदलांसाठी राखलेला एकही भारतीय उपग्रह तेव्हा कक्षेत नव्हता.

पुढे वेलिंग्टन येथील संरक्षण सेवा स्टाफ महाविद्यालयात आणि अमेरिकेतील एअर वॉर कॉलेजमध्ये त्यांनी उच्च शिक्षण घेतले. ते प्रशिक्षित उड्डाण प्रशिक्षक आणि फायटर स्ट्राइक लीडर होते. विविध लढाऊ विमानांवर त्यांच्या नावे ३,६०० तासांहून अधिक उड्डाणांची नोंद आहे.

अंतराळाची गरज कशी जाणवली

कारगिल युद्धाने १९९९ मध्ये भारतीय सैन्यदलांना टेहळणीतील उणिवांची जाणीव करून दिली. डोंगरमाथ्यांवरील हालचाली वेळेत दिसल्या नाहीत आणि अचूक स्थाननिश्चितीसाठी परकीय व्यवस्थेवर विसंबून राहणे धोक्याचे आहे, हेही उघड झाले. ऑक्टोबर २००१ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने म्हणजेच इस्रोने टेक्नॉलॉजी एक्सपेरिमेंट सॅटेलाइट हा बारकाईने छायाचित्रे घेणारा उपग्रह सोडला. स्वदेशी दिशादर्शन प्रणालीचा, आजच्या नाविकचा, विचारही याच काळात पुढे गेला.

जून २००८ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी एकात्मिक अंतराळ कक्षाची घोषणा केली. त्यानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये नौदलासाठी जीसॅट-७ आणि १९ डिसेंबर २०१८ रोजी हवाई दलासाठी जीसॅट-७ए हे दळणवळण उपग्रह प्रक्षेपित झाले. उपग्रह मिळू लागले होते. तिन्ही दलांच्या गरजा एकत्र मांडणारी, उपग्रहांकडून आलेली माहिती वेळेत रणांगणापर्यंत पोहोचवणारी आणि आपल्या उपग्रहांच्या संरक्षणाचा विचार करणारी एकच यंत्रणा मात्र नव्हती.

नरेश चंद्र समितीने अंतराळ, सायबर आणि विशेष मोहिमा यांसाठी तिन्ही दलांचे तीन स्वतंत्र विभाग, म्हणजेच कमांड, उभारण्याची शिफारस केली होती. केंद्र सरकारने पहिल्या टप्प्यात त्याहून लहान रचना स्वीकारली. अंतराळ आणि सायबर क्षेत्रांसाठी संस्था आणि विशेष मोहिमांसाठी एक डिव्हिजन असे तिचे स्वरूप ठरले. संरक्षण अंतराळ संस्थेचे मुख्यालय बंगळुरूत ठेवण्यात आले. इस्रोचे मुख्यालय त्याच शहरात असल्याने ही निवड स्वाभाविक होती.

‘मिशन शक्ती’ आणि पहिली नियुक्ती

२७ मार्च २०१९ रोजी भारताने ओडिशाच्या किनाऱ्याजवळील डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम बेटावरून क्षेपणास्त्र डागून स्वतःचाच मायक्रोसॅट-आर हा उपग्रह नष्ट केला. हा उपग्रह त्याच वर्षी २४ जानेवारीला पीएसएलव्ही-सी४४ द्वारे सोडण्यात आला होता. ‘मिशन शक्ती’ नावाची ही चाचणी संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने केली. अमेरिका, रशिया आणि चीन यांच्यानंतर ही क्षमता सिद्ध करणारा भारत चौथा देश ठरला. अवशेष लवकर वातावरणात शिरून जळून जावेत यासाठी सुमारे ३०० किलोमीटर इतकी कमी उंची निवडल्याचे सरकारने स्पष्ट केले. तरीही कक्षेतील कचऱ्याच्या प्रश्नावर जगभर चर्चा झाली.

या चाचणीनंतर काही आठवड्यांतच संरक्षण अंतराळ संस्थेच्या उभारणीला वेग आला आणि तेव्हा एअर व्हाइस मार्शल असलेले धारकर यांच्याकडे तिचे नेतृत्व सोपवण्यात आले. संस्थेसाठी तंत्रज्ञान विकसित करणारी संरक्षण अंतराळ संशोधन संघटना त्याच वर्षी मंजूर झाली. २५ आणि २६ जुलै २०१९ रोजी ‘इंडस्पेसएक्स’ हा अंतराळ युद्धाच्या शक्यता तपासणारा देशातील पहिला टेबलावरील सराव पार पडला.

लढाऊ वैमानिकाकडे अंतराळाचे काम का, हा प्रश्न तेव्हा सामान्य वाचकाला पडणे साहजिक होते. अशा संस्थेच्या प्रमुखाने उपग्रह बांधणे अपेक्षित नसते, ते काम शास्त्रज्ञांचे आहे. कोणत्या दलाला कोणती माहिती, किती तपशिलाची आणि किती वेळात लागेल हे त्याला ठरवायचे असते. शत्रूने संदेशवहन रोखले तर पर्यायी मार्ग कोणता, याची तयारीही त्यालाच करावी लागते. हल्ल्याच्या मोहिमेचे नियोजन केलेल्या अधिकाऱ्याला या प्रश्नांचे मोल अनुभवाने ठाऊक असते. उपग्रहाचे छायाचित्र कितीही स्पष्ट असले तरी ते विमान परतल्यानंतर हाती आले तर त्याचा उपयोग नसतो.

पूर्व हवाई विभाग ते उपप्रमुखपद

अंतराळ संस्थेच्या जबाबदारीनंतर धारकर हवाई दलाच्या वरिष्ठ नेतृत्वात दाखल झाले. २०२२ मध्ये त्यांनी शिलाँग येथे मुख्यालय असलेल्या पूर्व हवाई विभागाची सूत्रे हाती घेतली. चीनलगतच्या पूर्वेकडील सीमेची हवाई सुरक्षा या विभागाकडे आहे. ढगाळ हवामान, दाट जंगले आणि उंच पर्वतरांगा यांमुळे या प्रदेशात टेहळणीसाठी उपग्रहांवर मोठी भिस्त ठेवावी लागते.

३० सप्टेंबर २०२४ रोजी एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी निवृत्त झाले आणि उपप्रमुख असलेले ए. पी. सिंग हवाई दलप्रमुख झाले. रिक्त झालेल्या उपप्रमुखपदाचा कार्यभार धारकर यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वीकारला. मूळचे नांदेड जिल्ह्यातील असलेले चौधरी यांनी आपल्या कार्यकाळात हवाई दलाने हवाई आणि अंतराळ दल म्हणून विकसित व्हावे, अशी भूमिका मांडली होती. उपप्रमुखपदी अंतराळ संस्थेचा अनुभव असलेला अधिकारी येणे त्या भूमिकेशी सुसंगत होते.

धारकर निवृत्त झाले तेव्हा पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्याला जेमतेम आठवडा उलटला होता. त्यांना पदावरून दूर केल्याची अफवा समाजमाध्यमांवर पसरवण्यात आली. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यपडताळणी विभागाने हा दावा खोटा असल्याचे सांगून ते नियत वयोमानानुसार निवृत्त झाल्याचे स्पष्ट केले. एअर मार्शल नर्मदेश्वर तिवारी यांनी त्यांच्यानंतर उपप्रमुखपद सांभाळले.

इतर देशांतील रचना

रशियाने २०१५ मध्ये हवाई दल आणि अंतराळ दल एकत्र करून नवे एअरोस्पेस दल स्थापन केले. चीनने त्याच वर्षाच्या अखेरीस अंतराळ आणि सायबर कामांसाठी स्ट्रॅटेजिक सपोर्ट फोर्स उभारले. एप्रिल २०२४ मध्ये ते विसर्जित करून त्याने अंतराळासाठी स्वतंत्र एअरोस्पेस दल केले. अमेरिकेने २० डिसेंबर २०१९ रोजी यूएस स्पेस फोर्स ही सैन्यदलाची नवी शाखा स्थापन केली. जनरल जॉन रेमंड हे तिचे पहिले प्रमुख होते. भारताने निवडलेला मार्ग यांहून वेगळा आहे. येथे स्वतंत्र दल नाही आणि अधिकारी आपापल्या दलातून ठरावीक काळासाठी संस्थेत येतात. यामुळे तिन्ही दलांचा अनुभव एकत्र येतो, मात्र अंतराळ हीच संपूर्ण कारकीर्द मानणारा अधिकारीवर्ग घडवणे कठीण जाते.

तंजावर आणि दक्षिणेचा किनारा

या बदलांचा परिणाम दिल्ली आणि बंगळुरूपुरता मर्यादित नाही. पापनाशम तालुका ज्या तंजावर जिल्ह्यात येतो, तेथील हवाई तळावर २० जानेवारी २०२० रोजी सुखोई-३० एमकेआय विमानांची २२२ क्रमांकाची ‘टायगरशार्क्स’ ही स्क्वाड्रन दाखल झाली. या विमानांवर ब्राह्मोस क्षेपणास्त्र बसवता येते. हिंदी महासागरात दूरवरच्या जहाजाचा ठाव घेणे, त्याचा मागोवा ठेवणे आणि तळाशी संपर्क कायम राखणे या तिन्ही गोष्टींत उपग्रहांचा वाटा मोठा असतो. दक्षिणेकडे थूथुकुडी जिल्ह्यातील कुलशेखरपट्टिनम येथे इस्रोच्या दुसऱ्या प्रक्षेपण केंद्राची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली.

भोसले घराण्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या या कावेरीच्या खोऱ्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गाजा’ चक्रीवादळाचा तडाखा सोसला. वादळाची वाट दाखवणारे उपग्रह नागरी असतात आणि सीमेवर नजर ठेवणारे संरक्षणाचे. परंतु अंतराळातील कचरा किंवा हेतुपुरस्सर अडथळा यांचा धोका दोघांनाही सारखाच असतो. अंतराळ सुरक्षेचा प्रश्न शेतकरी आणि मच्छीमार यांच्यापर्यंत पोहोचतो तो असा.

पुढील वाटचाल

ऑक्टोबर २०२४ मध्ये अंतराळातून टेहळणी करण्याच्या कार्यक्रमाचा तिसरा टप्पा मंजूर झाला. त्यात ५२ उपग्रहांचा समावेश असून त्यांपैकी ३१ उपग्रहांचे काम खासगी क्षेत्राकडे सोपवण्याचे नियोजन आहे. पुढच्याच महिन्यात, ११ ते १३ नोव्हेंबर २०२४ या काळात, संरक्षण अंतराळ संस्थेने नवी दिल्लीत ‘अंतरिक्ष अभ्यास’ हा सराव घेतला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नौदलाच्या उपयोगाचा सुमारे ४,४०० किलोग्रॅम वजनाचा सीएमएस-०३ हा दळणवळण उपग्रह श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झाला.

उपग्रहांची संख्या वाढेल तसतशी ते हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांची आणि स्पष्ट आदेशसाखळीची गरजही वाढत जाईल. समितीने सुचवलेला स्वतंत्र अंतराळ विभाग केव्हा आकाराला येईल, हा प्रश्न अद्याप खुला आहे. तो विभाग उभा राहील तेव्हा त्याच्या इतिहासाचे पहिले पान २०१९ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या संस्थेचे आणि तिची पहिली धुरा वाहणाऱ्या अधिकाऱ्याचे असेल.