आरसा गेला आणि जुन्या लेन्स परत आल्या

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण शेवटी तो तुमच्या खिशापर्यंत येणार आहे. प्रश्न साधा आहे. घरात आजोबांची हाताने फोकस करायची लेन्स पडून आहे, किंवा चोरबाजारात एखादी स्वस्तात मिळाली. तिच्यासाठी डिजिटल बॉडी कुठली घ्यायची? बहुतेक जण आधी मेगापिक्सेल बघतात. मी म्हणतो, आधी मिलिमीटर बघा.

कुठले मिलिमीटर? लेन्स बॉडीवर जिथे बसते ती धातूची कडी, आणि आतली फिल्म किंवा सेन्सर, या दोघांमधलं अंतर. त्याला फ्लँज अंतर म्हणतात. प्रत्येक लेन्स ठरावीक अंतर धरूनच बनवलेली असते. ती त्याहून लांब बसली, तर दूरचं काही फोकसमध्येच येत नाही. सिंहगडाच्या पायथ्याशी उभे राहा, हातातलं फूल स्पष्ट येईल, गड मात्र धूसरच राहील. उलट बॉडीचं अंतर कमी असेल तर प्रश्नच नाही. उरलेल्या जाडीची पोकळ कडी मध्ये घाला, झालं काम! तोच अडॅप्टर. पुढची सगळी गोष्ट या एका नियमावर चालते.

आता थोडं मागे जाऊ. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा असतो, फोटो काढताना तो वर उडतो. त्याला हलायला जागा हवी, म्हणून हे अंतर चाळीस मिलिमीटरच्या वरच राहिलं. 1949 मध्ये पूर्व जर्मनीत काँटॅक्स एस कॅमेरा आला, त्यावर 42 मिलिमीटर व्यासाचा आटा होता. हाच एम42 माउंट. पुढे प्राक्टिका, पेंटॅक्स, सोव्हिएत झेनिट अशा अनेकांनी तो वापरला. याचं अंतर साधारण 45.5. 1959 मध्ये निकॉन एफ आला, अंतर 46.5. कॅननचा एफडी माउंट 1971 चा, अंतर 42.

मग 1987 साल उजाडलं. ऑटोफोकसची शर्यत सुरू होती आणि कॅननने ईओएस आणला. नवा माउंट, फोकसची मोटर लेन्समध्येच, आणि बॉडी-लेन्समधला सगळा संवाद विजेच्या जोडणीतून. अंतर ठेवलं 44. तांत्रिकदृष्ट्या निर्णय पक्का होता. पण ज्यांनी वर्षानुवर्षं पैसे साठवून एफडी लेन्स घेतल्या होत्या, त्यांचं काय? फक्त दोन मिलिमीटर, पण चुकीच्या बाजूने. मध्ये काच असलेले अडॅप्टर निघाले, पण त्या जादा काचेने चित्राचा दर्जा उतरायचा.

गंमत पुढे आहे. डिजिटल एसएलआर आले तेव्हा कॅननच्या बॉडीवर एम42 आणि निकॉनच्या जुन्या लेन्स पातळ कडीने आरामात बसत होत्या, कारण 44 हा आकडा दोघांपेक्षा कमी. परकी लेन्स चालते आणि स्वतःच्या घरची एफडी चालत नाही! निकॉनचं बरोबर उलटं. त्यांनी माउंट जपला, पण 46.5 मुळे एम42 तिथे एका मिलिमीटरने अडकते. शिवाय डी3000 आणि डी5000 मालिकेतल्या स्वस्त बॉडींवर जुनी मॅन्युअल लेन्स बसते, पण प्रकाश मोजला जात नाही.

हे कोडं सुटलं 2008 मध्ये. पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी1 आणला आणि आरसाच काढून टाकला. तुमच्या फोनसारखंच, सेन्सरला दिसतं ते थेट पडद्यावर. आरसा नाही म्हणजे त्याची जागाही नको. अंतर एकदम वीसच्या खाली! 2010 मध्ये सोनीचे नेक्स आले, अंतर 18. आता एफडी, एम42, निकॉन, सगळ्यांसाठी जागाच जागा. ज्या लेन्सना वीस वर्षं कुणी विचारत नव्हतं, त्यांना पुन्हा गिऱ्हाईक आलं.

एक अडचण उरली होती. सेन्सर लहान असेल तर दृश्य कापलं जातं. 50 ची लेन्स जी1 वर 100 सारखी वागते, नेक्सवर 75 सारखी. 2013 मध्ये सोनीचा ए7 आला, फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर घेऊन, आणि 50 पुन्हा 50 झाली. 2018 मध्ये निकॉन झेड आला, अंतर 16. कॅनन आरएफही त्याच वर्षी आला, अंतर 20. म्हणजे एफडी लेन्सला कॅननच्याच नव्या फुल-फ्रेम घरात साध्या कडीने परत जाता आलं, 31 वर्षांनी.

तर मग घ्यायचं काय? मला विचाराल तर एफडी लेन्स असेल तर एसएलआरचा विचारच सोडा, मिररलेस घ्या. पैसे कमी असतील तर जुना एपीएस-सी मिररलेस चालेल. लेन्स जशी बनली तशी बघायची असेल तर वापरलेला फुल-फ्रेम शोधा. ए7 ची दुसरी आवृत्ती मिळाली तर उत्तम, तिच्यात सेन्सर हात थरथरला तरी सांभाळून घेतो. फक्त मेनूत लेन्सचा आकडा स्वतः भरा. निकॉनच्या लेन्ससाठी डी7200 सारखा एसएलआर घेत असाल, तर लेन्स 1977 च्या आधीची आणि मूळ अवस्थेतली नाही ना, हे तपासा. तशी लेन्स जबरदस्तीने बसवली तर बॉडीवरचा छोटा टॅब मोडू शकतो.

आणि मिररलेसवर पहिल्या दिवशी शटर दाबूनही फोटो निघाला नाही तर घाबरू नका. कॅमेऱ्याला वाटतंय लेन्सच नाही. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा, फोकस पीकिंग लावा, आणि हळूच रिंग फिरवा. कडा चमकल्या की दाबा बटण. भेटू पुढच्या भागात!