रक्तातील तिन्ही पेशी कमी होतात तेव्हा : कारणे आणि लक्षणे

थकवा आला की 'रक्त कमी झाले' म्हणायचे आणि दुकानातून लोहाच्या गोळ्या आणायच्या, ही आपल्याकडची नेहमीची रीत. पण सीबीसीच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी असतील, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही. या अवस्थेला पॅनसायटोपेनिया म्हणतात. हा स्वतंत्र आजार नव्हे. आत दडलेल्या आजाराची ती खूण आहे.

रिपोर्ट कसा वाचावा?

प्रौढ पुरुषात हिमोग्लोबिन १३ पेक्षा आणि गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय होय. पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० आणि प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. प्रयोगशाळेनुसार हे आकडे थोडे बदलतात.

लक्षणे

तांबड्या पेशी घटल्या की दम लागतो, धडधड होते, चेहरा फिका पडतो. पांढऱ्या पेशी घटल्या की वारंवार ताप येतो, तोंडात फोड येतात, जंतुसंसर्ग लवकर बरा होत नाही. प्लेटलेट घटल्या की हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, कातडीवर लाल ठिपके उठतात, पाळीत जास्त रक्तस्राव होतो.

कारणे

या पेशी हाडांच्या आतील मज्जेत तयार होतात. पहिले कारण म्हणजे तिथे कच्चा माल कमी पडणे. ब-१२ जीवनसत्त्व किंवा फॉलेटची कमतरता हे भारतात नेहमी आढळणारे आणि बरे होणारे कारण आहे. ब-१२ प्रामुख्याने दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. हातापायांना मुंग्या येणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, चालताना तोल जाणे ही त्याची चिन्हे. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते, पण नसांची हानी चालूच राहते.

दुसरे, मज्जाच बिघडणे : अप्लास्टिक ॲनिमिया, रक्ताचा कर्करोग, मज्जेत पसरलेला क्षयरोग, एचआयव्ही. काही औषधांनीही असे होते. सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली गेली, तर जीवावर बेतते.

तिसरे, तयार पेशी अडकणे किंवा नष्ट होणे. यकृताच्या जुनाट आजारात प्लीहा वाढते आणि पेशी तिथे अडकतात. मलेरिया आणि डेंग्यूतही पेशी घटतात. डेंग्यूत घटलेल्या प्लेटलेट ताप ओसरल्यावर बहुधा आपोआप वाढतात. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दवाखाना टाळू नये.

विदर्भात आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. अशा रुग्णाचे हिमोग्लोबिन एकाएकी घसरले तर ते नेहमीचेच समजू नये.

तपासण्या

सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा नमुना, ब-१२, यकृताच्या तपासण्या, एचआयव्ही आणि गरज पडल्यास मज्जेची तपासणी. मज्जेचा नमुना बहुधा कमरेच्या हाडातून, जागा बधिर करून घेतात. ते पाठीच्या कण्यातले पाणी नव्हे; त्याने लुळेपणा येत नाही.

केव्हा थांबू नये?

पांढऱ्या पेशी खूप कमी असताना ताप, न थांबणारा रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी किंवा बसल्या जागी दम लागणे : अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. प्लेटलेट कमी असताना ॲस्पिरिन, आयब्रुफेन मनाने घेऊ नये.

आमचे वाचकांना एवढेच सांगणे : रिपोर्टमध्ये फक्त हिमोग्लोबिन पाहू नका, तिन्ही आकडे पाहा आणि जुना रिपोर्ट जपून ठेवा.