दप्तराची किल्ली

ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्याच्या पुराव्यापर्यंत कोण पोहोचू शकत होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. १८१८ नंतर साताऱ्यास अधिकारी असताना त्याला जी कागदपत्रे पाहावयास मिळाली, ती सामान्य वाचकाच्या आवाक्यातली नव्हती. ग्रंथ १८२६ मध्ये लंडनला निघाला. पुढे १८६७ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्यावर टीका केली. तिच्या धैर्याचे आपण कौतुक करतो. परंतु ग्रंथकाराजवळ दप्तर आणि टीकाकाराजवळ केवळ ग्रंथ, ही त्या वादातील खरी विषमता होय.

ती नाहीशी करण्याचे काम खंडनापेक्षा छपाईने अधिक केले. १८७८ मध्ये काशीनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी 'काव्येतिहाससंग्रह' मासिक काढून जुन्या बखरी लोकांपुढे ठेवल्या. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा. राजवाड्यांच्या प्रस्तावना आम्हांला सर्वत्र पटतात असे नाही. पण मूळ पत्रे त्याच खंडात छापून आपल्याविरुद्ध लिहिण्याचे साधनही त्यांनीच पुरविले, आणि हा मोठेपणा थोडा नव्हे!

पुण्याचे पेशवे दप्तर सरकारी ताब्यात होते. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग संपादिले. काय निवडावे हे मात्र संपादकाच्याच दृष्टीवर अवलंबून राहिले.

संशोधनपर लेखन संगणकजालावर कोणालाही विनामूल्य वाचता व वापरता यावे, असे बुडापेस्टच्या घोषणेने २००२ मध्ये मांडले. आमच्या या खंडांना किंमत होती; तेव्हा त्यांना त्या अर्थाने मुक्त म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी मागणी जुनीच होती: पुरावा सर्वांपुढे असावा. नव्या व्यवस्थेत कित्येक नियतकालिके वाचकाकडून काही घेत नाहीत, पण लेखकाकडून भरमसाट शुल्क घेतात. पगाराखेरीज दुसरा आधार नसलेल्या आमच्या शिक्षकबंधूस वाचनाचे दार उघडले आणि लेखनाचे लागले!

आणि दप्तरापुरते बोलायचे तर, ४५ भागांबाहेर राहिलेले रुमाल मोडीत आहेत. त्यांची छायाचित्रे उद्या घरोघरी पोहोचली तरी मोडी वाचणारा लागेलच. आमच्या किती शाळांत ती शिकविली जाते?