शहाण्णव वेळा निम्मी होणारी संख्या

आपल्या वैशाखरे गावातून नाणेघाट चढून गेले की माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख दिसतो. कर्नल साइक्स यांनी तो १८२८ मध्ये प्रकाशात आणला. त्यातील काही चिन्हे म्हणजे आकडे होत, हे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी दाखवून दिले. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे यांच्या त्या संख्या आहेत. तेथे शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. शंभराला एक चिन्ह, हजाराला दुसरे. चार हजार लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडलेले. दानाच्या हिशोबास एवढे पुरे होते.

मात्र जैन आचार्यांची गरज निराळी होती. आर्यरक्षितसूरींच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांची जघन्य संख्या सांगितली आहे. ती एकोणतीस स्थानांची आहे. तिचे वर्णन दोन प्रकारे येते: पाचव्या वर्गाने सहाव्या वर्गास गुणून येणारी, आणि शहाण्णव वेळा निम्मी करता येणारी.

सुज्ञ वाचकांनी कागद घेऊन पडताळावे. दोनाचा वर्ग ४, त्याचा १६, पुढे २५६, ६५५३६. पाचवा वर्ग ४२९४९६७२९६ आणि सहावा १८४४६७४४०७३७०९५५१६१६. या दोहोंचा गुणाकार

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६

अंक मोजा, एकोणतीसच भरतात! पाचव्या वर्गात दोन बत्तीस वेळा, सहाव्यात चौसष्ट वेळा, मिळून शहाण्णव. निम्मे करण्याच्या या गणतीला पुढे वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत ‘अर्धच्छेद’ असे नाव आहे. आजच्या गणितात हाच दोन पायाचा लॉगरिदम.

ही संख्या पूर्ण वर्ग आहे, पूर्ण घनही आहे. तिला सत्त्याण्णव विभाजक आहेत, पण मूळ विभाजक एकटा दोन. तिला सोडून उरलेल्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याहून बरोबर एकाने कमी भरते. एवढी विशाल असूनही वर्गीकरणात ती ‘संख्यात’च. असंख्यात आणि अनंत त्याच्या फार पलीकडे. या तिन्हींचे मिळून एकवीस भेद मानले आहेत.

एकोणतीस अंकांची माळ हाताने उतरवताना लेखनिकाचा एक अंक चुकला तर सारी संख्या बिघडते. रचना सांगितली म्हणजे ती पुन्हा उभी करता येते, आणि स्थाने मोजून ताळाही पाहता येतो. मला यातच सूत्रकारांची दूरदृष्टी दिसते. ‘स्थान’ या शब्दावरून विभूतिभूषण दत्त यांच्यासारख्या इतिहासकारांनी स्थानमूल्याच्या प्राचीनतेची चर्चा केली, ती याच कारणाने.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त चोवीस स्थानांना नावे दिली, शेवटचे महाक्षोभ. आपली संख्या त्यापुढेही पाच स्थाने जाते. त्या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने काढली. तीत २७९९४६८१ ला ४४१ ने गुणून होणारा १२३४५६५४३२१ हा अंकांचा हारही सापडेल.