मशागत आणि मशक्कत : नांगराविना भाताचा हिशेब

उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला काही शब्द वारंवार थांबवतात. 'मशागत' हा त्यातला एक. मूळ अरबी शब्द 'मशक़्क़त', म्हणजे कष्ट. उर्दूत सक्तमजुरीच्या शिक्षेला आजही 'क़ैद-ए-बामशक़्क़त' म्हणतात. हा शब्द फारसीच्या वाटेने दख्खनेत आला आणि आपल्या शेतकऱ्याने तो नांगरणी-वखरणीसाठी ठेवून घेतला. खरीप आणि रब्बी हेही अरबीच. एकाचा अर्थ शरद, दुसऱ्याचा वसंत. म्हणजे मराठीत जमीन कसायची तर कष्ट उपसायचे, हे शब्दातच बांधलेले आहे. त्यामुळे कुणी बिनमशागतीच्या शेतीची गोष्ट काढली की मला आधी विचारावेसे वाटते : कष्ट वाचणार ते कुणाचे?

हा प्रश्न आमच्या भागात आता पुस्तकी राहिलेला नाही. मुरबे हे पालघर तालुक्यातले खाडीकाठचे गाव. खाडीपलीकडे सातपाटी, उत्तरेला तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आणि बोईसरची औद्योगिक वसाहत. गावाची ओळख मासेमारीची, पण या पट्ट्यात घरापुरता भात पिकवणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. मनोरपासून भिवंडी-पडघ्यापर्यंतच्या कोकणी मुसलमान घरांतही भाताची खाचरे पिढ्यान्पिढ्या चालत आली. आता तरुण मुले कारखान्याच्या पाळीला जातात. आवणीला माणूस मिळत नाही, बैल तर दावणीला दिसतच नाहीत. पॉवर टिलर भाड्याने आणायचा, चिखलणी करायची, जव्हार-मोखाड्याकडून येणाऱ्या मजुरांची वाट पाहायची; आणि शेवटी तांदूळ दुकानात स्वस्त पडला असता, असे म्हणायचे. माझ्या वर्गातल्या पालकांमध्ये दरवर्षी हीच बोलणी होतात. अशा वेळी नांगरच नको म्हणणारी पद्धत आकर्षक वाटणारच. पण ती तोलण्यापूर्वी थोडा इतिहास पाहायला हवा, कारण या जिल्ह्याला नांगराविना शेती नवी नाही.

सह्याद्रीच्या उतारांवर वारली, ठाकूर, कातकरी लोक दळी शेती करत. झाडोरा तोडायचा, जाळायचा, राखेत कुदळीने उकरून नाचणी-वरी पेरायची आणि काही वर्षांनी ती जागा पडीक सोडून पुढे जायचे. इंग्रजांना ही नासाडी वाटली. १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव झाली आणि दळी ठरावीक तुकड्यांपुरती उरली. सपाटीवरचा शेतकरीही सुटला नाही. भाताची रोपे टाकण्याआधी शेण, पालापाचोळा, टहाळ पसरून जमीन भाजायची, हा आपला 'राब'. त्यासाठी लागणारी झाडांची छाटणी सरकारला खुपली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला; त्याचा अहवाल १८८७ चा. त्याच दशकात, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. जंगल खात्याने शेतकऱ्याचे काय हिरावून घेतले ते त्यांनी मांडलेच. शिवाय पावसाने वाहून जाणारे सत्त्व शेतातच अडावे म्हणून सरकारने बांध घालावेत, असेही सुचवले. मातीची धूप हा विषय आपल्याकडे परदेशातून आला, असे समजणाऱ्यांनी ते पुस्तक पुन्हा चाळावे.

पुढे सरकारी सल्ल्याचा सगळा रोख खोल नांगरणीवर गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते म्हणून शेतकरी तो घेत नव्हते, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. आपण ती अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगत आलो. लोखंडाने विष होत नाही, हे खरेच. पण उर्दूत 'हल' म्हणजे नांगर आणि 'हल' म्हणजे उत्तर. लिहिताना 'ह' वेगवेगळा असला तरी कानाला दोन्ही सारखेच लागतात. आपल्या शेतीखात्यांनीही बराच काळ दोन्ही एकच समजले.

हा समज आधी अमेरिकेत तडकला. १९३० च्या दशकात तिथल्या मैदानी प्रदेशात दुष्काळ पडला आणि नांगरून मोकळी केलेली माती वादळांनी आकाशात नेली. १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनर यांनी 'प्लाउमन्स फॉली' या पुस्तकात नांगरणीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तरीही शेतकरी नांगर सोडू शकत नव्हता, कारण तण मारायला दुसरा उपाय नव्हता. तो १९६० च्या दशकात पॅराक्वाटसारख्या तणनाशकांनी दिला. नांगर सुटला, पण त्याची जागा फवाऱ्याने घेतली. जपानचे मासानोबु फुकुओका यांनी दोन्हींशिवाय भात पिकवून दाखवला. मात्र त्यांच्या मार्गाने मोठ्या प्रमाणावर गेलेले शेतकरी कमीच.

महाराष्ट्रात कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी उसात विनानांगरणीचा आग्रह धरला. भातासाठी आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे कर्जत तालुक्यातल्या नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत विकसित केलेले सगुणा भात तंत्र, म्हणजे एसआरटी. गादीवाफे एकदाच करायचे, पुढची वर्षे मोडायचे नाहीत. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून त्यांत बी टाकायचे. राब नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल, हरभरा किंवा भाजी घ्यायची.

आता तोलू या. चिखलणीने पाणी तुंबते आणि तण दबते, म्हणून ती आली. पण तीच मातीची घडण मोडते आणि खाली कडक थर तयार करते. भातानंतरचा वाल त्यामुळे खुरटतो. वाफा न मोडल्यास कुजलेल्या मुळांच्या वाटांनी हवा-पाणी खेळते, गांडुळे टिकतात. पाणी साचून न राहिल्याने भातशेतीतून सुटणारा मिथेन वायूही कमी होतो. टिलरचे भाडे, डिझेल आणि आवणीची मजुरी वाचते. कारखान्याच्या पाळीतून रजा मिळत नसलेल्या घराला ही बचत मोठी आहे.

आता दुसरी बाजू. पाणी नाही म्हणजे तण येणार. या तंत्रात उगवणीआधी एक तणनाशक आणि कापणीनंतर धसकटांवर ग्लायफोसेट मारण्याची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'संभाव्य कर्ककारक' गटात टाकले. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ते केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फत वापरावे, असे बंधन घातले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती औषधे कीटकनाशके होती, पण तोंडाला फडके बांधून पाठीवर पंप घेणारा मजूर दोन्हीकडे एकच असतो.

मुरब्याच्या पट्ट्याला आणखी एक अडचण आहे. खाडीलगतच्या खार जमिनीत पावसाचे गोडे पाणी साठवून मीठ धुऊन काढावे लागते. तिथे उंच वाफा केला तर उन्हाच्या ताणात खालचे मीठ वर चढून माथ्यावर साचू शकते. सखल खाचरात जूनचा पहिला मोठा पाऊस उगवते बी बुडवतो. त्यामुळे ही पद्धत निचऱ्याच्या, गोड्या जमिनीची आहे.

आणि आवणीची मजुरी वाचली म्हणजे ती कुणाच्या तरी हाती पडली नाही. १९४५ मध्ये झरीच्या परिषदेनंतर गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी जमीनदारांची वेठ नाकारली. शेतातल्या कष्टाला दाम मिळाला पाहिजे, हा या जिल्ह्याने लढून मिळवलेला हक्क आहे. आवणीचे दिवस हे अनेक आदिवासी बायकांच्या हाती रोख येण्याचे दिवस. दिवसभर वाकून त्यांची कंबर मोडते, म्हणून ते काम टिकावे असे मी म्हणणार नाही. पण नवे तंत्र वाटणाऱ्या कृषी विभागाने त्यांच्या बुडालेल्या मजुरीचाही विचार करायला हवा. दळी शेती बंद करताना तो झाला नव्हता. त्या जमिनींवर हक्क सांगण्याची वाट वन हक्क कायद्याने २००६ मध्ये खुली झाली.

माझे मत विचाराल तर नांगर सोडायला हरकत नाही, पण सगळ्या शेतातून एकदम नाही. गोड्या जमिनीचा एक तुकडा तीन हंगाम करून पाहावा. कापणीनंतर पेंढ्याचे आच्छादन आणि हाताने निंदणी यांवर जेवढे भागेल तेवढे फवारे टाळावेत. मारायचेच असेल तर नियमाप्रमाणे, हातमोजे आणि मुखवटा देऊन. खार जमिनीला सध्या हात लावू नये. आणि हिशेबाच्या वहीत बियाणे, भाडे, उत्पन्न या रकान्यांशेजारी मजुरीच्या दिवसांचाही एक रकाना आखावा : किती दिवस कमी झाले आणि त्या दिवसांवर कुणाचे घर चालत होते.