एक वर्णन, दोन टोके

कोड लिहून देणाऱ्या साधनांचा, म्हणजे कोड जनरेटरांचा, इतिहास बहुतेक वेळा एकाच चालीवर सांगितला जातो: दर दहा-पंधरा वर्षांनी प्रोग्रामरची गरज संपल्याची घोषणा होते आणि प्रोग्रामरांची संख्या मात्र वाढतच जाते. या कथनाला आधार आहे. १९५०च्या दशकात ‘स्वयंचलित प्रोग्रामिंग’ हा शब्दप्रयोग सर्रास वापरात होता. १९८०च्या दशकाच्या आरंभी जेम्स मार्टिन यांनी प्रोग्रामरविना अ‍ॅप्लिकेशन उभारण्यावर अख्खे पुस्तक लिहिले. पण फसलेल्या घोषणाच मोजत बसलो, तर या साधनांनी खरोखर काय मिळवून दिले ते नजरेतून सुटते. एका यंत्रावर क्लायंट आणि दुसऱ्यावर सर्व्हर अशी विभागणी झाली, तेव्हा दोन्ही टोकांनी एकच माहिती एकाच अर्थाने समजून घेणे हा अवघड प्रश्न उभा राहिला. जनरेटरांचे टिकाऊ यश याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. आणि ते तिथेच टिकले, जिथे कोड ज्यावरून निघतो त्या मूळ वर्णनाचे मूळपण अखेरपर्यंत राखले गेले, म्हणजे बदल वर्णनातच केला गेला, तयार कोडमध्ये नाही.

ही शिस्त नेटवर्कच्या आधीची आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५२च्या सुमारास युनिव्हॅकसाठी ए-० ही प्रणाली केली. साठवून ठेवलेल्या उपप्रक्रिया जोडून ती चालता प्रोग्राम तयार करत असे. जॉन बॅकस यांच्या गटाचे फोरट्रान १९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी आले, तेव्हा जाणकारांची मुख्य शंका वेगाची होती: यंत्राने घडवलेल्या सूचना हाताने लिहिलेल्या सूचनांइतक्या चपळ कशा असतील? बॅकस यांच्या गटाने म्हणूनच आपल्या श्रमांचा मोठा वाटा या सूचना कार्यक्षम करण्यावर खर्च केला. शंका फिटत गेली, तशी एक सवय रुजली: दुरुस्ती करायची ती फोरट्रानमध्ये, तयार झालेल्या यंत्रसूचनांमध्ये नाही. आयबीएम १४०१सोबत आलेल्या आरपीजीने हीच सवय हिशेबाच्या कामात नेली. फाइल कोणती, नोंदीतले रकाने कोणते, आकडेमोड काय आणि छापायचे कसे, हे ठरावीक छापील तक्त्यांवर भरायचे आणि त्यावरून अहवालाचा प्रोग्राम तयार करून घ्यायचा. अहवालाचे स्वरूप बदलले की तक्ता बदलायचा.

दोन यंत्रे एकमेकांशी बोलू लागली तेव्हा या सवयीची किंमत खरी कळली. झेरॉक्स पार्कमधील अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांचा १९८४चा शोधनिबंध या दृष्टीने पायाभूत आहे. दूरच्या यंत्रावरची प्रक्रिया जवळच्याच प्रक्रियेसारखी हाकारता यावी, ही त्यांची कल्पना. त्यासाठी दोन्ही बाजूंना मध्यस्थ कोड लागतो: एकाने माहिती गुंडाळून पाठवायची, दुसऱ्याने ती सोडवून योग्य ठिकाणी पोहोचवायची. हा कोड हाताने लिहिणे कंटाळवाणे असते आणि धोक्याचेही. क्रम चुकला, आकड्याची लांबी वेगळी धरली, की प्रोग्राम बंद न पडता चुकीचे उत्तर देत राहतो. बिरेल आणि नेल्सन यांच्या व्यवस्थेत ल्युपीन नावाचा जनरेटर मेसा भाषेत लिहिलेले प्रक्रियांचे वर्णन वाचून दोन्ही मध्यस्थ स्वतः तयार करी. क्लायंट आणि सर्व्हर यांच्यातला करार एकदाच, एकाच ठिकाणी लिहिला गेला. दोन्ही टोके त्यातूनच निघाली. दूरच्या प्रक्रिया हाकारण्याच्या पुढच्या प्रणालींनी, म्हणजे सन कंपनीची आरपीसी आणि १९९१ची कोर्बा यांनी, हाच मार्ग धरला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल हेच, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

यावर पहिला आक्षेप १९८०-९०च्या केस साधनांचा, म्हणजे संगणकाच्या मदतीने सॉफ्टवेअर घडवण्याच्या साधनांचा. आकृत्यांमधून संपूर्ण अ‍ॅप्लिकेशन काढून देण्याचे त्यांचे वचन फसले. आयबीएमने सप्टेंबर १९८९मध्ये एडी/सायकल जाहीर केले; विश्लेषणापासून कोडपर्यंतची सारी वर्णने मेनफ्रेमवरच्या एका सामायिक कोठारात ठेवण्याची ही योजना काही वर्षांतच गुंडाळावी लागली. एक वर्णन पुरत असते, तर हे का बुडाले? एक कारण काळाचे: कंपन्या पीसी आणि क्लायंट-सर्व्हरकडे निघाल्या होत्या आणि कोठार मेनफ्रेमवर होते. दुसरे अधिक खोलचे. ज्या नियमांना आकृत्यांत जागा नव्हती ते तयार कोडमध्ये हाताने घुसवले जात. मग आकृती एक सांगे, कोड दुसरेच करी, आणि पुन्हा कोड काढला की हातची दुरुस्ती पुसली जाई. वर्णनाचे मूळपण गेले आणि साधन निरुपयोगी झाले.

याच आव्हानाशी पुण्यात दीर्घकाळ झुंज दिली गेली. टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ही संस्था १९८१ साली तिथे उभी राहिली आणि तिथून मास्टरक्राफ्ट ही प्रारूपाधारित साधने आली. पडदे, व्यवसायाचे नियम आणि डेटाबेस या तीन थरांची वर्णने वेगवेगळी लिहायची, ती एकमेकांशी जुळतात का हे तपासायचे आणि मग हव्या त्या तंत्रमंचासाठी कोड काढायचा, अशी ती पद्धत. विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी २००३ साली ‘आयईईई सॉफ्टवेअर’मध्ये तिची मांडणी केली. प्रत्येक प्रकल्पाला वेगळी रचना हवी असते, त्यामुळे जनरेटरही सुट्या भागांतून जुळवता आला पाहिजे, हा त्यांच्या कामातला मुद्दा आजही विचारात घेण्यासारखा आहे.

दुसरा आक्षेप रुबी ऑन रेल्सचा, आणि तो अधिक वजनदार. २००४ साली आलेल्या या फ्रेमवर्कमध्ये एका आज्ञेने पडदे आणि सर्व्हरचा कोड तयार होतो. तो एकदाच काढायचा आणि पुढे हाताने बदलायचा. माझ्या म्हणण्याच्या नेमके उलट, तरी रेल्स यशस्वी झाले. पण त्याचे बळ त्या आज्ञेत फारसे नव्हते. कोणत्या टेबलात कोणते रकाने आहेत हे रेल्सचे अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड प्रोग्राम चालू असताना थेट डेटाबेसला विचारते. रकान्यांची यादी दुसऱ्यांदा लिहावीच लागत नाही. म्हणजे तिथेही वर्णन एकच राहिले. एकाच भाषेत, एकाच सर्व्हरवर हे कोड न काढताही साधते. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आणि सर्व्हरवर दुसरी भाषा आली, की मधली सीमा ओलांडायला पुन्हा करार लागतो.

गूगल वेब टूलकिटने २००६ साली ही सीमाच पुसून पाहिली: दोन्ही बाजू जावात लिहा, ब्राउझरसाठीचे जावास्क्रिप्ट आम्ही काढून देतो. मूळ वर्णन तिथे जपले जात होते, तरी हा मार्ग नंतर मागे पडला. जावास्क्रिप्ट स्वतःच सुधारत गेले, हे एक. शिवाय आयफोन आणि अँड्रॉइड आल्यावर एकाच सर्व्हरला अनेक भाषांतले क्लायंट मिळाले, आणि एका भाषेला बांधलेला करार अपुरा पडला. वेब-सेवांचे वर्णन लिहिण्याचे डब्ल्यूएसडीएल हे स्वरूप तर कोणत्याच भाषेला बांधलेले नव्हते. पण व्यवहारात ते अनेकदा तयार जावा क्लासमधून यंत्रानेच काढले जाई आणि माणसाला वाचणे जड जाई. कराराचा क्रमच उलटा झाला. गूगलने २००८ साली खुले केलेले प्रोटोकॉल बफर्स आणि २०११चे स्वॅगर, जे २०१५मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आले आणि पुढे ओपनएपीआय या नावाने ओळखले जाऊ लागले, यांनी माणसाला वाचता येईल आणि कोणत्याही भाषेत कोड काढता येईल असे वर्णन देऊ केले. ते दोन्ही आज वापरात आहेत.

आता भाषा-प्रारूपे क्लायंट आणि सर्व्हर दोन्ही लिहून देतात, मग कराराचे काय काम, असेही विचारले जाईल. तीच सूचना पुन्हा दिली तर ती वेगळा कोड देऊ शकतात, म्हणून दोन्ही टोके जुळतात हे तपासायला लिहिलेला करार आणखीच गरजेचा होतो. वाचकांपैकी कुणी नव्या प्रकल्पासाठी फ्रेमवर्क निवडत असेल, तर पहिला पडदा किती मिनिटांत उभा राहतो हे पाहून निर्णय घेऊ नये. त्या फ्रेमवर्कवर सहा महिने चाललेल्या एखाद्या प्रकल्पात वर्णनातल्या एका रकान्याचे नाव बदलून कोड पुन्हा काढावा, आणि दोन्ही टोकांना हाताने किती दुरुस्ती करावी लागते ते आधी तपासावे.